राणीच्या बागेचा जीर्णोद्धार



'जीर्णोद्धार' हा आपल्या समाजाच्या अंगवळणी पडलेला शब्द आहे. गावच्या देवळाच्या शिखराला तडा गेला, सभामंडपाचे खांब खचले, की चार जाणती माणसे एकत्र येतात, वर्गणीची वही निघते, पाथरवट बोलावले जातात आणि काही वर्षांत देवालय पुन्हा दिमाखाने उभे राहते. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी काशीपासून सोमनाथपर्यंत हेच कार्य केले. दगडाचे एक बरे असते. मूळ दगड भंगला तरी त्याच खाणीचा, त्याच जातीचा दुसरा दगड आणून घडविता येतो. परंतु ज्याचा उद्धार करावयाचा ती वास्तू नसून वृक्ष असेल, तर? शंभर वर्षांचा वृक्ष एकदा उन्मळला की तो पुन्हा घडविणारा पाथरवट कोठून आणावयाचा?

हा प्रश्न मुंबईतील एका उद्यानाने नागरिकांपुढे उभा केला. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच आबालवृद्धांच्या तोंडी असलेली राणीची बाग. बहुतेकांच्या मनात ती 'प्राणी पाहण्याची जागा' म्हणून असते. परंतु ती मुळात वनस्पती-उद्यान आहे, प्राणी तेथे नंतर आले. हा क्रम विसरला गेला आणि त्या विस्मरणातून पुढचे संकट ओढवले. त्या संकटाशी सामान्य नागरिक कसे झुंजले, त्यांना काय साधले आणि काय साधले नाही, याचा विचार आज करावयाचा आहे.

नागरिकांच्या हातून आरंभ

या बागेची पूर्वपीठिका शिवडीत आहे. 1835च्या सुमारास तेथे 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेला वनस्पती-उद्यानासाठी जागा मिळाली होती. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेण्याचे ठरले आणि माझगाव-भायखळा परिसरात नवे उद्यान आखण्यात आले. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ते जनतेसाठी खुले झाले. त्याला नाव मिळाले व्हिक्टोरिया गार्डन्स. आरंभीची अकरा वर्षे ही संस्थाच बागेचा सांभाळ करीत होती. 1873 मध्ये उद्यान नगरपालिकेकडे आले आणि 1890 मध्ये प्राणिसंग्रहालयासाठी पंधरा एकर भूमी जोडून त्याचा विस्तार करण्यात आला.

त्याच आवारात संग्रहालय उभारण्याचा घाट घातला गेला तो लोकवर्गणीच्या बळावर. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डेव्हिड ससून, सर जमशेटजी जीजीभाई ही त्या काळच्या मुंबईची धुरीण मंडळी. कोणी हिंदू, कोणी यहुदी, कोणी पारशी. परंतु आपल्या नगरात विद्येचे एक मंदिर असावे, ही आस सर्वांची एकच होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव गडगडले आणि 1865 मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला. वर्गणीचा ओघ आटला, काम रखडले आणि अखेर सरकारला खर्च उचलावा लागला. 2 मे 1872 रोजी संग्रहालयाचे दार उघडले. ते पाहण्यास नाना शंकरशेट हयात नव्हते.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घ्यावयाची आहे. उद्यानाला परकीय राणीचे नाव होते, सत्ता परकीय होती, हे खरे. तरीही या आवाराला आकार देण्यात येथल्या नागरिकांचा द्रव्याचा, श्रमाचा आणि कळकळीचा वाटा होता. 'हे आपले आहे' अशी भावना त्या पिढीला होती. बागेचा ऱ्हास झाला तो ही भावना विरळ होत गेल्यावर.

एक आवार, दोन उद्धार

स्वातंत्र्यानंतर नावे बदलली. 1975 मध्ये संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. उद्यान वीरमाता जिजाबाईंच्या नावे झाले. ते योग्यच झाले. परंतु नामांतराने केवळ ओळख पालटते, जबाबदारी आपोआप पार पडत नाही. जिजाऊसाहेबांच्या नावाच्या बागेत आईच्या मायेने लक्ष घालणारे कोणी असावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र निराळे होते. संग्रहालयाच्या भिंती ओलीने पोखरल्या होत्या, प्राण्यांचे जुने गजांचे पिंजरे पाहवत नव्हते आणि बागेच्या रचनेकडे कोणाचे ध्यान नव्हते.

येथे दोन उद्धारकार्ये सुरू झाली. दोन्ही एकाच आवारातील, परंतु दोहोंचा स्वभाव अगदी भिन्न.

पहिले कार्य संग्रहालयाचे. फेब्रुवारी 2003 मध्ये मुंबई महानगरपालिका, 'इन्टॅक' ही वारसा-संवर्धन संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. मालकी पालिकेची, जाणकारी संस्थेची आणि आर्थिक साहाय्य प्रतिष्ठानाचे. संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली बिडाच्या खांबांवरचे जुने रंग खरवडून मूळ रंग शोधण्यात आले, नक्षीवर सोन्याचा वर्ख चढला, मिंटन फरशी स्वच्छ झाली. या कामाला 2005 मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च वारसा-पुरस्कार मिळाला आणि जानेवारी 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा लोकांसाठी खुले झाले. शासन, तज्ज्ञ आणि समाज यांनी हातात हात घातले तर काय होऊ शकते, याचा हा वस्तुपाठ होता.

दुसरे कार्य बागेचे. तेथे परिस्थिती उलटी होती. 2007 मध्ये पालिकेने उद्यानाचे 'आंतरराष्ट्रीय दर्जाचे' प्राणिसंग्रहालय करण्याची योजना पुढे आणली. खर्चाचा आकडा चारशे कोटींच्या वर गेला होता. नव्या योजनेत नव्या इमारती आल्या, नवे खंदक आले, नव्या प्रदर्शन-दालनांसाठी खोदकाम आले. प्राण्यांना चांगले निवारे हवेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नव्हते. प्रश्न असा होता की, हे सारे बांधकाम ज्या भूमीवर करावयाचे, त्या भूमीत कोणाची मुळे रुजलेली आहेत, याचा विचार कोणी केला आहे काय?

मुळांचे शास्त्र

या ठिकाणी थोडे वनस्पतिशास्त्र समजून घेतले पाहिजे. वृक्षाची मुळे खोल पाताळात जातात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अन्नपाणी शोषणारी बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांचा पसारा फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातो. म्हणून बुंध्याला धक्का न लावता दहा फुटांवर चर खणला तरी मुळे तुटतात. भोवती काँक्रीट ओतले की मातीत हवा आणि पाणी जाणे थांबते. वृक्ष तत्काळ मरत नाही. तो दोन वर्षे, चार वर्षे झुरत राहतो. एकेक फांदी वाळते, आतून बुरशी लागते आणि एखाद्या पावसाळी रात्री तो कोसळतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते : 'वादळी वाऱ्याने वृक्ष पडला.' घाव घातला कधी आणि मृत्यू आला कधी, यांत इतके अंतर पडते की, दोष वाऱ्याच्या माथी मारला जातो आणि चर खणणारा नामानिराळा राहतो.

यासाठीच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीतील वृक्षांच्या बुंध्याभोवतीच्या एक मीटर परिघातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. महाराष्ट्रात तर 1975 पासून नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या जतनाचा कायदा आहे. वृक्ष तोडावयाचा तर वृक्ष प्राधिकरणाची अनुमती लागते. पण मुळांचा श्वास कोंडण्यासाठी कोण अनुमती मागतो?

मोजदाद हेच शस्त्र

नागरिकांनी या योजनेला विरोध करण्याचे ठरविले. 'राणीची बाग वाचवा' ही मोहीम उभी राहिली. तिच्यात स्त्रिया अग्रभागी होत्या. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, धन नव्हते, कोणत्याही पक्षाचा झेंडा नव्हता. मग शक्ती कशाची होती? ती होती माहितीची.

विरोध करणे सोपे असते. 'झाडे वाचवा' असे फलक घेऊन अर्धा दिवस उभे राहता येते, छायाचित्रही छापून येते. दुसऱ्या दिवशी अधिकारी विचारतो, 'कोणती झाडे? किती? कोठे?' तेव्हा बहुतेक आंदोलने निरुत्तर होतात. या मंडळींनी निरुत्तर होण्याची वेळ येऊ दिली नाही. सुमारे पन्नास एकरांच्या या बागेत तीन हजारांहून अधिक वृक्ष आणि त्यांच्या पावणेतीनशेहून अधिक जाती आहेत, ही गोष्ट त्यांनी शहरापुढे ठेवली. लोकांना बागेत आणले, झाडांपुढे उभे केले, एकेकाचे नाव सांगितले. वृक्षांची ओळख करून देणाऱ्या या फेऱ्या हाच मोहिमेचा कणा ठरला.

आणि ओळख तरी कशाची! आफ्रिकेतून आलेली, हत्तीच्या अंगासारख्या खोडाची गोरखचिंच. ब्रह्मदेशातून आलेली, लाल फुलांचे घोस अधांतरी झुलविणारी उर्वशी. ज्याच्या पानाची वाटी पाहून बाळकृष्णाच्या लोण्याची कथा आठवते तो कृष्णवड. खोडालाच फुले धरणारा, फुलात शिवलिंगावर नागफणा दाखविणारा कैलासपती. हा कैलासपती मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. परंतु आपल्या लोकांनी त्याच्या फुलात महादेव पाहिला, त्याला नाव दिले, शिवालयाच्या अंगणात स्थान दिले. दूरदेशीचे जे चांगले असेल ते आपलेसे करून घेण्याची या संस्कृतीची रीत एका झाडातून समजते. उंच शेंड्यांवर दिवसभर उलटी लटकणारी वटवाघळेही याच बागेची रहिवासी. ती रात्री बाहेर पडून कितीतरी झाडांचे बी दूरवर पोहोचवितात. त्यांच्यासाठी कोणी तिकीट काढून येत नाही, परंतु त्यांच्या घरट्याचा विचार कोणत्याही आराखड्याने करावयास हवा.

मुंबईची वारसा नियमावली 1995 पासून अमलात आहे आणि हे उद्यान वारसा म्हणून मान्यता पावलेले आहे. मोहिमेने आपले म्हणणे वारसा समितीपुढे, पालिकेपुढे, वृत्तपत्रांपुढे चिकाटीने मांडले. हे काम आठवड्याचे नव्हते, वर्षांचे होते. मूळची भव्य योजना त्या रूपात उतरू शकली नाही. बांधकामाचा आणि खर्चाचा आवाका कमी करावा लागला. 2012 मध्ये उद्यानाला दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा या मोहिमेतूनच बागेचा इतिहास आणि वृक्षवैभव सांगणारा ग्रंथही सिद्ध झाला. जे काम संस्थांनी करावयाचे ते घरसंसार सांभाळणाऱ्या माणसांनी केले, याची नोंद नगराच्या इतिहासात व्हावयास हवी.

अपुरा विजय

परंतु गौरवाच्या भरात सत्य झाकू नये. हा विजय अपुरा आहे. 2016 मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणण्यात आले. त्यांतील एक काही महिन्यांतच दगावला. 2017 मध्ये त्यांचे शीत दालन लोकांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपयांवर गेले. 2020 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, वाघांची जोडी आली. काचेआडची नवी दालने पाहण्यास गर्दी लोटली. मुलांना आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्या बागेत गिरणगावातील कामगार आपली पोरे घेऊन पाच रुपयांत रविवार घालवी, तिच्या दारात आता चारचौघांच्या कुटुंबाला हिशेब करावा लागतो. हे शहर सावलीसुद्धा विकू लागले आहे काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. श्रीमंताला गावाबाहेर शेतघर असते, हवा पालटण्यासाठी महाबळेश्वर असते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यासाठी सार्वजनिक उद्यान हेच अंगण.

शासनाच्या बाजूनेही विचार करावा. पालिकेच्या अधिकाऱ्याला दरवर्षी काहीतरी नवे दाखवावे लागते. नव्या वास्तूचे उद्घाटन होते, कोनशिला बसते, फीत कापली जाते. जुन्या वृक्षाची मुळे मोकळी ठेवली, पालापाचोळा न जाळता त्याचे खत केले, खोडातील खिळे उपटले, तर त्याची कोनशिला कोठे बसवावयाची? जे काम केल्याने वृक्ष जगतो ते डोळ्यांत भरत नाही आणि जे डोळ्यांत भरते त्याने पुष्कळदा वृक्ष मरतो. उद्यानाच्या जीर्णोद्धारातील खरी अडचण हीच आहे. येथे नवे करण्यापेक्षा नको ते न करण्याला अधिक मोल आहे. असे काम शासनाच्या स्वभावात बसत नाही, म्हणूनच तेथे समाजाची गरज लागते.

समाजाने काय करावे?

यासाठी दोन उदाहरणे उपयोगी पडतील. पुण्यातील एम्प्रेस गार्डनचा कारभार आजही 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' याच नावाची संस्था पाहते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन पुणेकरांच्या घरचे कार्य झाले आहे. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बाग सांभाळावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, हे यावरून दिसते. सह्याद्रीतील देवरायांनी तर ती आणखी पूर्वीपासून जपली आहे.

दुसरे उदाहरण सातासमुद्रापलीकडचे. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क 1970च्या दशकात इतके खालावले होते की, दिवसाही लोक आत जाण्यास धजत नसत. 1980 मध्ये नागरिकांनी 'सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था स्थापिली. मालकी नगराचीच राहिली, देखभालीचा भार मात्र समाजाने उचलला. पुढे त्यांनी 843 एकरांच्या त्या उद्यानाचे लहान लहान विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एका माळ्याच्या स्वाधीन केला. तेथले गवत वाळले तर कोणाला विचारावयाचे, हे सर्वांना ठाऊक असते. धनिकांच्या देणग्यांवर चालणारी ती व्यवस्था जशीच्या तशी भायखळ्यात आणता येणार नाही, आणू नये. परंतु प्रत्येक वृक्षामागे एक उत्तरदायी माणूस, हे तत्त्व घेण्यास पैसा लागत नाही.

आपल्या प्रत्येक नगरात, तालुक्याच्या गावीसुद्धा एखादी जुनी बाग असते. कोठे संस्थानिकांनी लावलेली, कोठे नगरपालिकेने, कोठे एखाद्या दानशूर व्यापाऱ्याने. तेथे कार्यकर्त्यांनी वर्षातून एकदा वृक्षारोपण करून छायाचित्र काढणे पुरेसे नाही. लावलेल्या रोपांपैकी तिसऱ्या वर्षी किती जगली, हे मोजणारा कार्यकर्ता अधिक मोलाचा. आरंभ अगदी साध्या गोष्टींनी करता येईल. पाच-सात कुटुंबांनी मिळून एक वही घालावी. बागेतील प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक द्यावा, त्याचे मराठी नाव, घेर, प्रकृती लिहावी. नाव ठाऊक नसेल तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवावे. बागेत वर्षानुवर्षे राबलेल्या माळ्याला सन्मानाने बसवून त्याच्याकडून ऐकावे, कारण पुष्कळ गोष्टी कागदावर नसतात, त्याच्या स्मरणात असतात. खोदकामाचा फलक लागला की माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून आराखडा मागवावा. तो कायदा 2005 पासून आपल्या हाती आहे. आणि आराखडा आल्यावर तो वहीतील क्रमांकांशी ताडून पाहावा. कोणता वृक्ष कोठल्या चराखाली जातो, हे त्या दिवशी कळेल, वृक्ष कोसळल्यावर नव्हे.

भायखळ्याच्या त्याच आवारात, संग्रहालयाच्या बाजूला, एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' हे नाव ज्या हत्तीवरून दिले तोच हा. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना यारीची साखळी तुटली, हत्ती खाली पडून भंगला. ते तुकडे या बागेत आणून ठेवण्यात आले आणि 1914 मध्ये जोडून तो पुन्हा उभा करण्यात आला. आज जवळून पाहिले तर सांधे दिसतात, पण हत्ती उभा आहे.

दगडाला अशी दुसरी संधी मिळते. हत्तीपासून हाकेच्या अंतरावर जी उर्वशी फुलते, तिला ती मिळणार नाही. म्हणून तिच्या मुळाशी कुदळ पोहोचण्यापूर्वी तिचे नाव ठाऊक असलेली माणसे तेथे पोहोचली पाहिजेत. आपल्या गावच्या बागेची ती वही येत्या रविवारी उघडली जावो, एवढीच या विवेचनाची अपेक्षा.